माळवदाचं ओझं उतरवताना : औसा तालुक्यातल्या एका दगडी घराच्या कामाच्या नोंदी

२८ डिसेंबर २०२३

आज मोजमापं पुरी झाली. दाराशी ढाळज, मधे चौक, चौकाच्या दोन अंगांना ओसरी, मागे माजघर, स्वयंपाकघर आणि एक अंधारी खोली. ढाळजेवर पूर्वी माडी होती. १९९३ च्या भूकंपानंतर आबांनी ती उतरवली. जिन्याच्या चार पायऱ्या तेवढ्या भिंतीत राहिल्यात.

भिंती अडीच फुटी, ढाळजेची तीन फुटी. काळा दगड मातीत बसवलेला. दर्शनी तोंड घडीव असल्यामुळे रस्त्यावरून भिंत फार मजबूत दिसते. खांब-तुळया सागाच्या, खांबांखाली दगडी तळखडे. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण (लाकडी चिपांचा थर) आणि त्यावर माती; हेच माळवद. साण्याच्या, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकाच्या, कडेला टेप लावून मातीचा थर मोजला. दोन फूट भरला, मागच्या अंगाला त्याहून जास्त. दर उन्हाळ्याच्या शेवटी गळती बंद करायला नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, हे पिढ्यान्पिढ्या चालत आलं.

काम काय करायचं ते लिहून ठेवते. घरातच संडास आणि न्हाणी. आईला उभं राहून काम करता येईल असा ओटा. अंधाऱ्या खोलीत उजेड. दादाची मुलं सुट्टीत आली तर त्यांना बसायला-अभ्यासाला जागा, नेट, पंखे. उन्हाळ्यात कूलरशिवाय दुपार काढता यावी. आणि या सगळ्याच्या आधी, जमीन हलली तर घर उभं राहावं.

आईची अट एकच आहे. "वरली माती काढल्याबिगर मी आत निजणार न्हाई." १९९३ पासून ती परसातल्या पत्र्याच्या खोलीत झोपते. दिवसभर वावर या घरात, रात्र पत्र्याखाली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत अशी घरं अजून पुष्कळ आहेत.

६ जानेवारी २०२४

मागच्या भिंतीला पोट आलंय. ओळंबा सोडला तर मधल्या उंचीवर भिंत चांगली चार बोटं बाहेर. गवंडी मामांनी पहारीने अलगद दोन दगड काढले आणि आत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

भिंतीच्या आतला प्रकार सगळ्यांनी बघावा म्हणून गल्लीतल्या दोन-चार जणांना बोलावून दाखवला. अडीच फुटी भिंत म्हणतो ती खरं तर एक भिंत नाहीच. बाहेरच्या दगडांची एक रांग, आतल्या दगडांची दुसरी, आणि मधे डबर आणि माती. या रांगेतून त्या रांगेत गेलेला एकही लांब दगड सापडला नाही. मामा म्हणाले, "ताई, हे दोघं भाऊ शेजारी उभे हायत, पर एकमेकाचा हात कुणीच धरला न्हाई."

जमीन आडवी हलते तेव्हा या दोन रांगा वेगवेगळ्या हलतात. मधलं डबर खाली बसतं, पाचरीसारखं दोघींना बाहेर रेटतं, आधी एक बाजू ढासळते, मग दुसरी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीजवळ ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा असंच झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. केंद्र उथळ, जमिनीखाली दहा-बारा किलोमीटरवरच, त्यामुळे वरचा झटका फार मोठा. हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक दगडमातीच्या ढिगाखाली.

त्यावरून आमच्याकडे एक समज बसला तो आजतागायत आहे: दगडाचं घर मारतं. मला हे मान्य नाही. न बांधलेला दगड मारतो, आणि डोक्यावरचं ओझं मारतं. दोन्ही गोष्टींवर उपाय आहे, तो माहीत असूनही गावोगावची घरं पाडली जातायत, म्हणून या नोंदी ठेवतेय.

११ जानेवारी

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. काम बंद. मामा, त्यांची माणसं, सगळे शेतात. आम्हीही गेलो. भज्जी आणि आंबील.

१९ जानेवारी

दादाशी फोनवर लांबलचक बोलणं झालं. त्याचं म्हणणं असं, माती काढायचीच आहे तर वर स्लॅब टाकू, भिंती आहेतच की जाड. गावात नव्वद टक्के लोक हेच करतात, म्हणून हिशेब नीट मांडते.

माजघर १२ बाय १६ फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. त्यावर दोन फूट माती म्हणजे ३८४ घनफूट, पावणेचार ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). कोरड्या मातीचा ब्रास साधारण साडेचार टनांचा धरला तर एका खोलीच्या डोक्यावर सतरा टन. पावसात भिजली की आणखी जड. पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर साडेपाच टनांच्या आसपास जाईल. नुसतं वजन बघितलं तर दादा बरोबर आहे, स्लॅब मातीच्या एक तृतीयांशच आहे.

पण ओझं कुणाच्या अंगावर पडतं ते बघायला हवं. आपल्या खणाच्या, म्हणजे खांब-तुळयांच्या, घरात माळवद खांबांवर उभं असतं. भिंत आडोशाला. भूकंपानंतर कितीतरी ठिकाणी भिंती पडल्या आणि लाकडी सांगाडा माळवदासकट उभा राहिला, हे त्या वेळी पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवलंय. जिथे खांब नव्हते, तुळयांची टोकं थेट भिंतीवर टेकलेली होती, तिथे भिंतीबरोबर सगळं खाली आलं. आता स्लॅब टाकताना लोक काय करतात? मधले खांब अडचण म्हणून काढतात, लाकूड विकतात, आणि साडेपाच टनांचा अखंड पत्थर त्या न बांधलेल्या दोन रांगांवर ठेवतात. ज्या भिंतीवर आजवर फारसं ओझं नव्हतं तिच्यावर सगळं ओझं आलं. घर सिमेंटचं दिसायला लागलं आणि आधीपेक्षा धोक्याचं झालं. वरून उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत स्लॅब तापलेला.

म्हणून ठरलं ते असं. खांब राहतील. छत हलकं होईल आणि खांबांवरच बसेल. भिंतींना आरपार बांधायचं, वर चौफेर काँक्रीटची पट्टी, म्हणजे छतपट्टी, फिरवायची. आयएस १३८२८ हे हलक्या प्रतीच्या दगड-विटांच्या बांधकामाचं मानक १९९३ मध्येच आलं, आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आयएस १३९३५ ही त्याच वर्षीचं. २००२ मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलला तेव्हा हा भाग तिसऱ्या झोनमध्ये घेतला गेला. त्याआधी तो सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जाई. आम्ही करतोय ते काही नवीन नाही, सगळं लिहिलेलं आहे. गवंड्याच्या हातापर्यंत पोचलेलं नाही, एवढंच.

दादा शेवटी म्हणाला, "तू इंजिनिअर, तू बघ. पण आईचा जीव लागला पाहिजे." तेच तर करतेय.

२ फेब्रुवारी

माती उतरवायला सुरुवात. आधी सगळ्या तुळयांखाली लोखंडी टेकू लावले. मग क्रम: एका कोपऱ्यापासून ओढत जायचं नाही. पूर्ण छतावरून एकेक वीत थर सारखा काढायचा, नाहीतर एक बाजू हलकी, एक जड, आणि कुजक्या कड्यांवर पीळ बसतो. माणसांना हे उलटं वाटतं, कारण एका अंगाने साफ करत गेलं की काम दिसतं. पहिल्या दिवशी दहा वेळा सांगावं लागलं, दुसऱ्या दिवशी मामाच सांगायला लागले.

थरांतून सगळं घर निघालं. वर गेल्या काही वर्षांचं मेणकापड, खाली पांढरी, मग राख मिसळलेली माती, मग ज्वारीच्या ताटांचा थर. माती ट्रॅक्टरने शेतात गेली. दोन ट्रॉल्या चाळून परसात झाकून ठेवल्यात, आतल्या गिलाव्याला लागतील.

९ फेब्रुवारी

लाकडाची तपासणी. सुतार अप्पा प्रत्येक तुळईवर हातोडीने ठोकत फिरले आणि खडूने खुणा केल्या. भरीव आवाज तो साग अजून शंभर वर्षं जाईल. स्वयंपाकघरावरच्या दोन तुळया भिंतीत शिरतात तिथे वाळवीने पोखरल्यात, बाकी कणखर. ओलीत गाडलेलं टोक आधी जातं, त्यामुळे आता प्रत्येक टोकाभोवती हवेला जागा ठेवायची.

खरी कमजोरी सांध्यात आहे. खांबाच्या डोक्याचं कुसू (निमुळतं टोक) तुळईच्या खाचेत नुसतं बसवलेलं, वरच्या सतरा टनांनी दाबून धरलेलं. वजन काढलं की सांधा सैल. म्हणून प्रत्येक खांब आणि तुळईच्या कोनात तिरका टेकू बसतोय, दोन्ही दिशांना, आरपार बोल्टने. अप्पांनी टेकूसाठी माडीचंच जुनं लाकूड काढलं, ते परसात गोठ्यावर पडून होतं. लोखंडी पट्टीही चालली असती, पण लाकडाला लाकूड बरं, आणि ओसरीत बसल्यावर नजरेला टोचणार नाही.

दुपारी जुनं लाकूड घेणारे दोघे येऊन गेले. नक्षीच्या चार खांबांचा भाव सांगितला. त्या पैशात नव्या घराचा स्लॅब पडला असता. अशा पैशाच्या मोहाने या पट्ट्यातली घरं खांबांविना झालीत. आईने चहा पाजून परत पाठवलं.

२४ फेब्रुवारी

गेले दोन आठवडे एकच काम: आरपार दगड. हे काम कुणाच्या डोळ्यात भरत नाही, गिलावा झाला की दिसणारही नाही, पण घराचा जीव यात आहे. म्हणून सविस्तर.

भिंतीवर खडूने खुणा केल्या. लांबीत साधारण तीन-साडेतीन फुटांवर एक, उंचीत दोन-दोन फुटांवर, आणि वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध. मानकात लांबीची मर्यादा चार फूट आहे. प्रत्येक खुणेवर एकच दगड पहारीने हलवून काढायचा. ब्रेकर, ड्रिल, घण, काहीही चालणार नाही, कारण हादऱ्याने मधलं डबर घरंगळतं आणि भोक करायला गेलो तिथे खिंडार होतं. बाहेरचा दगड निघाला की मधली माती हाताने उकरत आतल्या बाजूच्या दगडापर्यंत जायचं, तोही काढायचा. भोक मधे अरुंद, दोन्ही तोंडांना रुंद, डमरूच्या आकाराचं. त्यात आठ मिलिमीटरची सळई, दोन्ही टोकांना आकडा. मग १:२:४ चं काँक्रीट आधी अर्ध्यापर्यंत ठासायचं, सळई ठेवायची, उरलेलं भरायचं. काँक्रीट घट्ट झालं की ते दोन्ही तोंडांत अडकून बसतं आणि दोन्ही रांगा एकमेकींना सोडत नाहीत.

शेजारशेजारची दोन भोकं एकाच दिवशी उघडायची नाहीत. आज एक, सोडून तिसरं. त्यामुळे काम रेंगाळतं, मजुरीही वाढते. तरी एकही भोक कमी केलं नाही.

पाणी मारणं ही वेगळीच गोष्ट. मातीतल्या भिंतीवर नळीने पाणी सोडलं तर दर्जांतली, म्हणजे दगडांमधल्या फटींतली, माती वाहून जाते. म्हणून प्रत्येक तोंडावर ओलं गोणपाट खिळ्याने अडकवलं आणि मामांची सून सकाळ-संध्याकाळ मगाने ते भिजवते. दहा दिवस. सगळी भिंत गोणपाटाच्या ठिगळांनी भरून गेलीय.

पोट आलेला मागचा तुकडा मात्र दुरुस्त होण्यापलीकडचा होता. तो वरून खालपर्यंत उतरवला आणि त्याच दगडांनी पुन्हा उचलला. या वेळी प्रत्येक दोन फुटांना पूर्ण जाडीचा लांब दगड, कोपऱ्याला एकाआड एक आडवे-उभे. असे लांब दगड आता मिळत नाहीत. पडक्या वेशीजवळ जुन्या जोत्याचे होते, ग्रामपंचायतीला रीतसर अर्ज करून घेतले. मामा आता प्रत्येकाला सांगतात, "आमच्या बापानं मला हे शिकिवलंच न्हाई, त्येच्या बापाला येत हुतं." ढाळजेची तीन फुटी भिंत उकरली तेव्हा पटलं. ती सगळ्यांत जुनी, आणि तिच्यात लांब दगड आहेत.

८ मार्च

महाशिवरात्र, सुट्टी. गोणपाटं भिजवायला फक्त मी आणि आई.

२१ मार्च

सकाळी लातूरहून निघायच्या आधीच फोन सुरू. सहाच्या पुढे हिंगोली, नांदेड, परभणीत धक्के बसले. पहिला ४.५ तीव्रतेचा, दहा मिनिटांनी दुसरा थोडा कमी. तिकडे लोक घराबाहेर आले. ज्यांच्या पत्र्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवलेत त्यांनी ते काढून घ्यावेत, असं प्रशासनाने सांगितलं. साधी सूचना, पण अगदी मुद्द्याची: डोक्यावर सुटं वजन नको.

साइटवर पोचले तर कुणी काम सुरू केलेलं नव्हतं. सगळे चौकात बसून किल्लारीच्या आठवणी काढत होते. मामा तेव्हा पंचविशीत होते. सास्तूरकडे ढिगारे उपसायला गेले होते. ते कधी बोलत नाहीत, आज बोलले. जिवंत निघालेली बरीच माणसं दाराच्या चौकटीत किंवा खांबाच्या बुडाशी सापडली, हे त्यांनी स्वतः बघितलेलं. तिशीतला एक पोरगा, ज्याला यातलं काही माहीत नाही, ऐकत होता. नंतर तो स्वतःहून उठला आणि छतपट्टीच्या रिंगा वाकवायला बसला.

आज मी कामाची घाई केली नाही.

३० मार्च

छतपट्टी ओतली. सगळ्या भिंतींच्या माथ्यावरचे सैल दगड काढून सपाटी केली, त्यावर सहा इंच जाडीची काँक्रीटची पट्टी, दहा मिलिमीटरच्या चार सळ्या, सहा इंचांवर रिंगा. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. पट्टीची सगळी ताकद कोपऱ्यात आहे. आडव्या भिंतींवरूनही तीच पट्टी, म्हणजे घराला वरून चौकड्यांची एकच वेढणी बसली. तुळयांची टोकं पोलादी पट्ट्यांनी या पट्टीला जोडली. आता सांगाडा आणि भिंती एकमेकांपासून सुटत नाहीत, आणि एकमेकांवर आदळतही नाहीत.

दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला भिंतीच्या आत-बाहेर वेल्डेड जाळीचा पट्टा, आरपार सळ्यांनी बांधून त्यावर सिमेंटचा जाड गिलावा. सिमेंट फक्त या पट्ट्यापुरतं.

सकाळी सहाला सुरू करून दुपारी एकला काम आटोपलं. उन्हाच्या तडाख्यात काँक्रीट ठेवायचं नव्हतं. सगळ्यांना जेवण आईने केलं: पिठलं, भाकरी, ठेचा, ताक.

१२ एप्रिल

पाडव्यानंतर छत. जुन्या कड्यांवर एक इंची फळ्या, आणि फळ्यांवर कर्णाच्या दिशेने पोलादी पट्ट्या खिळून, म्हणजे छत एका पत्त्यासारखं तिरकं होणार नाही. त्यावर पाणीरोधक थर, मग दोन इंची उष्णतारोधक फोमचे तक्ते, वर लोखंडी नळ्यांवर उतार देऊन फिकट रंगाचा पत्रा. पत्रा आणि फोमच्या मधे वीतभर मोकळी हवा, दोन्ही टोकांना जाळी. तापलेली हवा तिथून निघून जाते.

माजघरावरचं हे सगळं मिळून पाऊण टनाच्या आत बसतं. सतरा होते.

हलकं छत केलं की दुसरी काळजी सुरू होते. आमच्याकडे वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात, त्यामुळे प्रत्येक नळी छतपट्टीत आधीच गाडलेल्या बोल्टला आवळलीय. खालून बघितलं तर जुनीच कडीपाटाची ओळ दिसते, तेल पाजल्यावर साग उजळलाय. बाहेरून बघितलं तर नवं घर.

आणि साणी! माळवदाला धूर जायला आणि उजेडाला भोकं होती, पावसात त्यांवर घमेलं उलटं घालायचे. ती बुजवायचा सल्ला सगळ्यांनी दिला. मी चारही ठेवली. प्रत्येकावर नऊ इंची कठडा, त्यावर दुहेरी लॅमिनेटेड काच, कठड्याच्या बाजूंना जाळीच्या फटी. अंधाऱ्या खोलीत दिवसा दिवा लावायची गरज उरली नाही. या घराचा नवेपणा कशात आहे असं कुणी विचारलं तर मी या चार साण्यांकडे बोट दाखवीन.

२६ एप्रिल

आतली कामं भराभर चाललीत. दगडी भिंतीत नळ किंवा पाइप घालायचा नाही, हा पहिला नियम. मातीच्या दर्जेत पाणी झिरपायला लागलं तर वर्षभर कुणाला कळत नाही आणि एक दिवस भिंत बसते. म्हणून संडास-न्हाणी चौकाच्या कोपऱ्यात स्वतंत्र बांधली. स्वतःचा छोटा काँक्रीट सांगाडा, हलके ब्लॉक, आणि दगडी भिंतीपासून दोन इंच सुटी. भूकंपात दोन्ही वेगवेगळं हलतील, हलू द्यायचं. आत धरायला दांडा, उंबरठा नाही, घसरणार नाही अशी खरबरीत शहाबादी फरशी.

वीज भिंती न खोदता, तुळयांच्या कडेने धातूच्या काळ्या नळ्यांतून उघडी नेली. वायरमनला ते अपुरं काम वाटत होतं. दिवे लागल्यावर त्याने स्वतः फोटो काढले.

माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत पाडून एक मोठी खोली करावी, असं दादाच्या बायकोचं मत होतं. ती आडवी भिंत लांब भिंतींना धरून ठेवते, तिला हात लावता येत नाही, हे तिला प्रत्यक्ष दाखवलं. त्याऐवजी मधलं दार रुंद केलं, कोपऱ्यापासून लांब, भोवती काँक्रीटची चौकट. ओट्याशी उभं राहिलं की आता चौकातलं तुळशीवृंदावन दिसतं. वहिनीला हे जास्त आवडलं. देवळ्या आणि कोनाडे तसेच. एका कोनाड्यात राउटर बसला.

चौकावर वानरांसाठी लोखंडी जाळी. वानरं नसती तर चौक उघडाच ठेवला असता.

७ मे

मतदान. काम बंद.

१८ मे

गिलावा आणि दर्जा. बाहेरच्या दर्जा सिमेंटने भरल्या की भिंत टकाटक दिसते, पण आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती आतल्या बाजूने फुटते, लोणा येतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. काळ्या रानातल्या घरांना ओल जमिनीतून चढतेच, ती थांबवण्यापेक्षा तिला जायला वाट ठेवणं बरं. म्हणून चुना. परसातल्या खड्ड्यात एप्रिलपासून भिजत घातला होता, लोण्यासारखा मऊ झालाय. एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि हिरडा-गुळाचं पाणी. आतून चाळून ठेवलेल्या मातीचा गिलावा, वर चुन्याची पातळ सफेती.

ऊन बेचाळीसच्या पुढे. चुना झटकन वाळला तर भेगाळतो, म्हणून सकाळी पूर्वेकडचं काम नाही, दुपारी पश्चिमेकडचं नाही, आणि पुन्हा गोणपाटं. मामांनी चुना पहिल्यांदा हाताळला, आता सिमेंटच्या मालाला "आंधळा माल" म्हणतात.

दुपारी तीनला आई माजघरात चटई टाकून झोपली होती. पंखा हळू. मी बाहेर पत्र्याच्या खोलीत जाऊन बघितलं, तिथे उभं राहवत नव्हतं.

१२ जून

मृग चांगला बरसला. रात्री तासभर जोराचा पाऊस, मी मुद्दाम मुक्कामाला थांबले होते. बॅटरी घेऊन चारही साणी, सगळे सांधे, तुळयांची टोकं तपासली. न्हाणी आणि दगडी भिंतीच्या मधल्या फटीवरची पट्टी एका जागी ठिबकते, बाकी कोरडं. पत्र्यावरचा पावसाचा आवाज आत बेताचाच येतो, फोममुळे.

पन्हाळीचं पाणी टाकीत उतरताना बघायला शेजारपाजारचे आले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. आमचं छत बाराशे चौरस फूट. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी साठ हजार लिटर उतरतं. टाकी वीस हजारांची, भरून वाहिली की जादा पाणी जुन्या आडात. टाकीभोवती काळी माती काढून मुरूम भरलाय, कारण काळी फुगते आणि टाकीची भिंत तडकवते. त्याच कारणाने घराच्या जोत्याभोवती तीन फुटी उताराची फरशी, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. मातीच्या माळवदाचं पाणी गढूळ यायचं, ते साठवताच येत नसे.

१३ जुलै

१० तारखेला सकाळी सव्वासातच्या सुमाराला पुन्हा हिंगोलीच्या बाजूला ४.५ चा धक्का. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा आई ओट्याशी चहा करत होती, मला फोनवर तीच आधी म्हणाली, "आपल्याकडं काही न्हाई. मी आतच हाय." गेला महिनाभर ती माजघरात झोपतेय. पत्र्याच्या खोलीत आता कडबा भरायचा म्हणते.

बाकी राहिलेलं: न्हाणीच्या फटीची पट्टी बदलणे, ढाळजेच्या दाराला तेल, तिरक्या टेकूंचे बोल्ट पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा आवळणे (लाकूड ओलीत फुगतं, वाळलं की सांधा ढिला पडतो), दरवर्षी उन्हाळ्यात वाळवीची तपासणी, पन्हाळी साफ. याची एक यादी मोठ्या अक्षरांत लिहून ओसरीतल्या फडताळात लावली.

काल समोरच्या घरचे काका आले. त्यांच्याकडेही माळवद, पुढच्या उन्हाळ्यात पाडून स्लॅब टाकायचं ठरवलंय, ठेकेदाराला इसार द्यायचा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, काका, आठ दिवस थांबा. खांब शाबूत आहेत का ते बघू, लाकडावर ठोकून बघू, भिंतीचा एक दगड काढून आत हात घालू, मग काय ते ठरवा. मामा रविवारी सकाळी पहार घेऊन येतायत.